संध्याकाळी जाणारा आवाज

माईकवर मी ‘आदरणीय अध्यक्ष’ म्हणाले आणि पहिल्या रांगेतला एक पालक हसला. मला वाटलं, त्याच्या शेजारच्यानं काहीतरी सांगितलं असेल. मी पुढं बोलत राहिले. कन्याशाळेच्या स्नेहसंमेलनाचा बक्षीस समारंभ होता, दिवेलागण होऊन गेली होती आणि दुपारपासून माईक माझ्याच हातात होता. बार्शीत त्या काळी कार्यक्रम शाळेचा असो, पतसंस्थेचा असो की व्याख्यानमालेचा, सूत्रसंचालनाला काशीदबाईंना, म्हणजे मला, बोलवायचं हे ठरलेलं असे. शाळेत मी मराठी शिकवायचे. माझ्या आवाजाचा मला गर्व होता, हे आता सांगायला हरकत नाही.

पुढचं वाक्य पाहुण्यांच्या परिचयाचं होतं. त्यात ‘जिल्हा मध्यवर्ती’ असे शब्द होते. ते माझ्या तोंडातून बाहेर पडले तेव्हा मलाच ओळखू आले नाहीत. आवाज नाकातून येत होता, गेंगाणा, आणि जीभ टाळूपर्यंत पोचतच नव्हती. मी थांबून पाण्याचा घोट घेतला. पाणी नाकात चढलं, ठसका लागला, पदरानं तोंड पुसावं लागलं. मग सभागृहाकडे बघून मी हसले, कारण चूक झाली की हसून वेळ मारून न्यायची एवढं इतक्या वर्षांत शिकले होते. त्या हसण्याचा फोटो पुढं शाळेच्या फोटोग्राफरनं इतर फोटोंबरोबर आणून दिला. ओठ वर ओढलेला, दात दिसताहेत, डावी पापणी अर्धी मिटलेली. ते हसू नव्हतंच. एखाद्याला वेडावून दाखवावं तसा चेहरा झाला होता.

संस्थेचे सचिव नलवडे सर उठून माझ्याजवळ आले. “बाई, तुम्ही बसा. मी बघतो,” ते हळूच म्हणाले आणि माझ्या हातातून माईक काढून घेतला. पडद्यामागं जाताना पायऱ्यांपाशी दोन-तीन माणसं उभी होती. त्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, “बाई टाकून आल्यात वाटतं.”

टाकून म्हणजे दारू पिऊन. मी मराठीची शिक्षिका, पण हा अर्थ डोक्यात शिरायला मला थोडा वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर आवाज लख्ख होता. डोळेही टक्क उघडे. मी न्हाणीघरात दार लावून ‘जिल्हा मध्यवर्ती’ असं दहा वेळा म्हणून पाहिलं. प्रत्येक अक्षर जागच्या जागी. माझी पंचाईत झाली ती इथंच. आवाज तसाच बिघडलेला राहिला असता तर बाई आजारी आहेत असं लोकांनी म्हटलं असतं. सकाळी मी शाळेत गेले, पहिल्या तासाला खणखणीत आवाजात व्याकरण शिकवलं, आणि शिक्षकांच्या खोलीत आले तेव्हा सगळ्या गप्प झाल्या. रात्रीची सकाळी उतरली, एवढाच त्याचा अर्थ निघाला.

खरं तर हे त्या दिवशी सुरू झालं नव्हतं. दिवाळीपासून शेवटच्या तासाला माझी जीभ जड व्हायची. मी मुलींना मनातल्या मनात धडा वाचायला सांगून खुर्चीत बसून राहायचे. संध्याकाळी रस्त्यावरून येताना एका सायकलीच्या दोन सायकली दिसायच्या. रात्री भाकरी चावता चावता जबडा थकायचा, मग हनुवटीला हात लावून मी तो चालवायचे. हे कुणाला सांगावं असं काही वाटलं नाही. वय चाळिशीचं, घरचं, शाळेचं करून दमते, असं मी स्वतःलाच सांगितलं होतं.

माझे यजमान दिनकरराव बाजार समितीत हेडक्लार्क होते. मितभाषी माणूस. लग्नाला अठरा वर्षं झाली होती, त्यात त्यांनी माझ्यावर आवाज चढवला नव्हता. समारंभातली गोष्ट त्यांच्या कानावर आली ती बाजार समितीतच. कुण्या अडत्यानं चहा पिताना विषय काढला असणार. त्या संध्याकाळी ते घरी आले, हातपाय धुतले, आणि मी चहा घेऊन गेले तर कप न घेता माझ्याकडे बघत राहिले. दिवसभराचं काम झालं होतं, माझी पापणी उतरली होती.

“काय झालं?” मी विचारलं. तेही नाकातून.

“हेमा, जरा तोंड उघड.”

मला वाटलं, त्यांना माझी जीभ बघायची आहे. मी उघडलं. ते पुढं वाकले, त्यांचं नाक माझ्या ओठांपाशी आलं, आणि त्यांनी श्वास आत ओढला. मग मागं सरून त्यांनी चहाचा कप घेतला.  मी स्वयंपाकघरात येऊन ओट्याला धरून उभी राहिले. राग यायला हवा होता, पण आली ती शरम. खरोखरच काही करून सापडल्यासारखी शरम, मानेपासून कानापर्यंत चढलेली.

त्यांचं असं होण्याला कारण होतं. त्यांचा धाकटा भाऊ विलास दारूनं गेला होता. तो गेला तेव्हा तिशीचाही नव्हता. घरात सगळ्यांना दिसत होतं, पण घराण्याचं नाव म्हणून कुणी तोंड उघडलं नाही, कुठं नेलं नाही. दिनकरराव मोठे. त्यांच्या मनातून ते कधी गेलं नाही. विलासची जीभही अशीच अडखळायची, हे ते मला बोलले नाहीत, पण माझ्याकडे बघताना त्यांना कोण दिसतंय ते मला कळायचं.

सासूबाईंसाठी, म्हणजे आमच्या आत्याबाईंसाठी, घरात द्राक्षासवाची बाटली असायची. त्या जेवणानंतर दोन चमचे घ्यायच्या. एकदा फडताळ पुसताना मला त्या बाटलीच्या कागदावर पेन्सिलीची बारीक रेष दिसली, बरोबर आतल्या औषधाच्या पातळीशी. दोन दिवसांनी पातळी खाली गेली, कारण आत्याबाई रोज घेत होत्या. मी वाट पाहिली की ते आईला विचारतील, नाहीतर मला तरी विचारतील. त्यांनी कुणालाच विचारलं नाही. दुसरी रेष ओढली. मी फडताळ पुसायचं सोडून दिलं.

मग सोलापूरला मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि नसांची तपासणी करून या म्हणाले. आदल्या रात्री आम्ही सोलापुरात नातेवाइकांकडे उतरलो होतो. तिथं मला छान झोप लागली, आणि सकाळी पहिला नंबर आमचाच लागला. एका टेबलावर झोपवून त्यांनी माझ्या हाताला आणि पायाला तारा लावल्या आणि मनगटाशी विजेचे झटके दिले. बोटं आपोआप उडायची. मग दंडात सुई घालून मूठ आवळायला लावली, तेव्हा यंत्रातून पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा आवाज आला. दुखलं, पण मी हूं की चूं केलं नाही. उलट मनात म्हणत होते, आणखी द्या, पण काहीतरी सापडू द्या.

काहीच सापडलं नाही. रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टर मला म्हणाले की शरीरात काही दोष नाही, मनावर ताण असेल, झोपेची गोळी देतो. मग मला बाहेर बसायला सांगून ते दिनकररावांशी वेगळं बोलले. काय बोलले ते मला तेव्हा कळलं नाही.

परतीच्या एस.टी.नं वैराग मागं टाकलं. मग ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “रिपोर्ट चांगला आलाय, म्हणजे चांगलंच आहे की.”

त्यांच्या आवाजात चांगलं झाल्याचा आनंद नव्हता. आणि मला तर रडायला येत होतं. चांगला रिपोर्ट हातात घेऊन रडणारी बाई कुणी पाहिली आहे का? मला तेव्हा माझीच शंका यायला लागली. मी हे मुद्दाम करतेय का? कुणी लक्ष द्यावं म्हणून? संध्याकाळी आरशासमोर उभी राहून मी डोळा जोर लावून उघडायचे आणि तो पुन्हा खाली यायचा. तो माझ्या ताब्यात नाही हे मला दिसत होतं, पण रिपोर्ट म्हणत होता की आहे.

महिन्याभरात नलवडे सरांनी शाळेत बोलावलं. मला नव्हे, दिनकररावांना. पालकांमध्ये चर्चा आहे, बाईंनी रजा घ्यावी, बरं व्हावं, आणि पुण्यातल्या मोठ्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट घेऊनच रुजू व्हावं, असं ते फार सभ्यपणे म्हणाले म्हणे. घरी आल्यावर दिनकररावांनी पुण्याला जायचं ठरवलं. बॅग त्यांनी स्वतः भरली. मी बघितलं तर सहा साड्या, शाल, स्वेटर, पावडरीचा डबा, सगळं.

“दोन दिवसांसाठी एवढं कशाला?” मी विचारलं.

“असू दे. पुण्यात थंडी असते,” ते म्हणाले आणि बॅगेची चेन ओढली.

पुण्यातल्या डॉक्टर केळसकर म्हणजे पन्नाशीच्या, केस बारीक कापलेल्या, भरभर बोलणाऱ्या बाई होत्या. सोलापूरचा रिपोर्ट त्यांनी एकदा वरपासून खालपर्यंत पाहिला आणि बाजूला ठेवला. मग मला प्रश्न विचारायला लागल्या. सकाळी कशी असता? संध्याकाळी कशी? जेवताना शेवटचा घास जड जातो का? पाणी नाकातून येतं का? एकाचे दोन दिसतात का? मी उत्तरं देत होते, हो हो म्हणत होते आणि माझ्या अंगावर काटा येत होता, कारण यातलं आजवर मला कुणी विचारलंच नव्हतं.

“सोलापूरला तपासणी किती वाजता झाली?” त्यांनी विचारलं.

“सकाळी. पहिल्याच नंबरला.”

“आणि कुठं? हाताला, पायाला?”

“हो.”

“हात दुखतात तुमचे? पाय लटपटतात?”

“नाही.”

“मग हातापायांत काय सापडणार? ती तपासणी चुकीची नव्हती, पण तुमचा त्रास चेहऱ्यात आणि घशात आहे, आणि तो दमल्यावर येतो. तुम्ही दमलेल्या असताना, जिथं दुखणं आहे तिथंच बघायला हवं.” त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. “आज दुपारनंतर करू. तोपर्यंत झोपायचं नाही. आणि तपासणीच्या आधी तुम्ही मोठ्यानं बोलायचं. काहीही बोला. थांबायचं नाही.”

“काय बोलू?”

“काय पाठ आहे?”

त्या क्षणी मला काहीच आठवेना. त्यांनी टेबलावरचं वर्तमानपत्र माझ्या हातात दिलं.

दुपारी आम्ही तपासणीच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसलो. चार-पाच पेशंट, त्यांच्याबरोबरची माणसं. मी वर्तमानपत्र उघडलं आणि पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचायला लागले. सगळे माझ्याकडे बघायला लागले. पहिलं पान चांगलं गेलं. वर्गात वाचावं तसं वाचलं मी, आणि समोरच्या म्हातारबुवांनी मान डोलावली. दुसऱ्या पानावर ‘र’ जायला लागला. मग ‘ळ’ आणि ‘ल’ एकच झाले. बाजारभावांच्या पानावर येईपर्यंत आवाज पुरता नाकात गेला होता. ज्वारी, तूर, हरभरा, सगळं एकमेकांत कालवलेलं. डोळ्यांपुढं ओळी दुहेरी व्हायला लागल्या, तसा मी एक डोळा हातानं झाकला. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ आली. एका बाईनं आपल्या मुलीला जवळ ओढून घेतलं.

दिनकररावांनी माझ्या दंडाला हात लावला. “पुरे आता. लोक बघतायत.”

दारात डॉक्टर केळसकर उभ्या होत्या. “वाचू द्या त्यांना,” त्या म्हणाल्या.

मी वाचत राहिले. ज्या आवाजाची मला सगळ्यांत जास्त लाज वाटत होती, जो लपवण्यासाठी मी संध्याकाळी दार वाजलं तरी आत्याबाईंना पुढं करायचे, तो आवाज मी भर दवाखान्यात, अनोळखी माणसांसमोर, माझ्या नवऱ्यासमोर, शेवटच्या थेंबापर्यंत काढला. शेवटी नुसतं हुंकारल्यासारखं व्हायला लागलं, तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, “चला आत. तुम्हीही या,” हे दिनकररावांना.

आत त्यांनी माझ्या नाकाच्या बाजूला आणि खांद्यावर चकत्या चिकटवल्या. कानापुढं एक कांडी टेकवून झटके द्यायला सुरुवात केली. एकामागून एक, सारख्या अंतरानं. प्रत्येक झटक्याला गाल उडायचा. मला वेदनेपेक्षा त्या यंत्राच्या पडद्याची ओढ होती, पण तो माझ्याकडे नव्हता. डॉक्टरांनी एकदा केलं, थांबल्या, पुन्हा केलं, मग खांद्यावर केलं. त्यांचा चेहरा हलला नाही. मी मनात म्हणत होते, आता ह्या नॉर्मल म्हणतील आणि सगळं संपेल.

त्यांनी पडदा दिनकररावांकडे फिरवला.

“हे बघा. हा पहिला झटका. केवढा उंच डोंगर आहे. हा दुसरा, थोडा कमी. तिसरा आणखी कमी. चौथा तर अर्धाच राहिलाय. झटका तेवढाच दिलाय मी, त्यात काही फरक केलेला नाही. यांची नस चांगली आहे, स्नायूही चांगला आहे. नसेचा निरोप स्नायूला पहिल्यांदा पोचतो, पण पुन्हा पुन्हा दिला की पोचेनासा होतो. म्हणून सकाळी ठीक आणि संध्याकाळी अशा.”

दिनकररावांनी पडद्यावरचे ते चारही डोंगर वाकून पाहिले. मग अगदी खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, “डॉक्टर, दारूनं होतं का असं?”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. “नाही,” त्या म्हणाल्या. “आणि हे मुद्दाम कुणाला करताही येत नाही.”

मग त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. समजावून सांगितलं की हे साधं दुखणं नाही. गिळण्याचे स्नायू गेले तसे श्वासाचेही जाऊ शकतात, तेव्हा जिवावर बेतू शकतं. छातीत एक ग्रंथी असते, ती कदाचित काढावी लागेल. गोळ्या जन्मभर. दिनकरराव माझी पर्स मांडीवर घेऊन खुर्चीत बसले होते.

आणि मी हसत होते. खरं सांगते, मला एवढा आनंद लग्नात झाला नव्हता. जीव जाऊ शकतो असं बाई सांगत होत्या आणि माझ्या मनात एकच चाललं होतं, सापडलं, सापडलं. चेहरा साथ देत नव्हता, त्यामुळं ते हसू पुन्हा तसंच दात विचकल्यासारखं आलं असणार. दिनकररावांनी ते पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली. मला वाटतं, आजपर्यंतच्या सगळ्यात त्यांना ते बघणं सर्वांत जड गेलं.

खात्री करायला म्हणून डॉक्टरांनी दंडात एक इंजेक्शन दिलं आणि थोडा वेळ पडून राहायला सांगितलं. पोटात जरा कळ आली, पण तेवढंच. खिडकीबाहेर ऊन उतरत चाललं होतं, म्हणजे माझी वाईट वेळ. मी छताकडे बघत होते आणि हळूहळू लक्षात आलं की छताचा पंखा एकच दिसतोय. डोळे पूर्ण उघडे होते. डॉक्टर आल्या आणि म्हणाल्या, “काहीतरी बोला.”

“मी हेमलता दिनकर काशीद,” मी म्हणाले. प्रत्येक अक्षर धुऊन ठेवल्यासारखं.

दिनकरराव भिंतीकडे तोंड करून रडायला लागले. विलास गेला तेव्हाही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. डॉक्टर म्हणाल्या की औषधाचा हा परिणाम दोन-तीन तास टिकेल, उद्या सकाळी भरती व्हा, रात्रीपुरत्या ह्या गोळ्या घ्या, आणि जरा जरी दम लागला तरी लगेच इथं या. मग त्या बाहेर गेल्या.

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगते. ऑपरेशन झालं. त्यानंतरचं वर्ष वाईट गेलं, एकदा श्वासासाठी यंत्रावरही ठेवावं लागलं. मग हळूहळू सावरले. नलवडे सरांनी सर्टिफिकेट बघून हात जोडले आणि मी रुजू झाले. निवृत्त होईपर्यंत शिकवलं, फक्त शेवटचा तास माझ्याकडे नसायचा. दुपारचे कार्यक्रम पुन्हा करायला लागले. आत्याबाईंनी बरणीभर लाडू करून शेजारीपाजारी वाटले. दिनकरराव पुढं बरीच वर्षं माझ्या गोळ्यांच्या वेळा घड्याळ लावून सांभाळत होते, अगदी ते गेले त्या आठवड्यापर्यंत. गावात ज्यांना ज्यांना काशीदबाईंच्या आजाराची गोष्ट ठाऊक आहे, त्यांना ती एवढीच ठाऊक आहे. मीही ती इथंच संपवत आले आहे.

पण त्या संध्याकाळी दवाखान्यातून बाहेर पडल्यावर दिनकरराव फाटकाशी थांबले. ती मोठी बॅग त्यांच्या हातात होती.

“आपल्याला आज आणखी एका ठिकाणी जायचं होतं,” ते म्हणाले. “मी तुला बोललो नव्हतो.”

“कुठं?”

त्यांनी सांगितलं. व्यसनमुक्ती केंद्र होतं. बायकांसाठी वेगळी सोय होती. सोलापूरच्या डॉक्टरांनी पत्ता दिला होता, आणि ह्यांनी फोन करून माझ्यासाठी महिन्याभराची जागा धरून ठेवली होती. इथली तपासणी पुन्हा नॉर्मल आली की संध्याकाळी मला तिकडे न्यायचं ठरलं होतं. म्हणून सहा साड्या.

“विलासच्या वेळेला उशीर केला आम्ही,” ते म्हणाले. “तुझ्या वेळेला करायचा नव्हता.”

 त्यांनी माझ्यासाठी जे केलं ते प्रेमानंच केलं होतं, हे मला तिथंही दिसत होतं, आणि म्हणूनच त्यांच्यावर रागावताही येत नव्हतं. मी म्हणाले, “चला, जाऊन सांगून येऊ. जागा अडवून ठेवली असेल त्यांनी.”

“मी फोन करतो.”

“नको. मी सांगते.” माझा आवाज मोकळा होता आणि दोन-तीन तासांनी जाणार होता. मला तो तिथं नेऊन दाखवायचा होता. मी मनात वाक्य जुळवत रिक्षात बसले होते. मी हेमलता काशीद, मी शिक्षिका आहे, मी दारू पीत नाही, मला आजार आहे, हे पाहा डॉक्टरांचे कागद. सगळं अगदी माईकवर बोलायचं असल्यासारखं.

केंद्र म्हणजे साधा बंगला होता. अंगणात तुळस, ओसरीवर टेबल, टेबलामागं पांढऱ्या साडीतल्या एक कार्यकर्त्या. बाजूच्या बाकावर माझ्याच वयाची एक बाई बसली होती. चांगल्या घरची, इस्त्रीची साडी, मांडीवर बॅग. तिच्याबरोबर कुणी नव्हतं. मी आत आले तशी तिनं वर पाहिलं आणि पटकन खाली बघितलं. कुणी ओळखू नये म्हणून मान खाली घालायची ही रीत मला चांगली ठाऊक होती, गेले काही महिने मी बाजारातून तशीच चालत होते.

“बोला,” कार्यकर्त्या म्हणाल्या.

“हेमलता काशीद म्हणून एक पेशंट येणार होत्या. बार्शीहून,” मी म्हणाले. “त्यांच्यासाठी जागा ठेवली आहे.”

“हो, आम्ही वाटच बघतोय. कुठं आहेत त्या?”

सगळी वाक्यं तयार होती. तोंडही तयार होतं. आणि मला त्या बाकावरच्या बाईसमोर ‘मी ती नव्हे, मी तशी नाही’ असं म्हणता आलं नाही. आणि ‘मीच ती’ असंही म्हणता आलं नाही.

“त्या येणार नाहीत,” मी म्हणाले.

“तुम्ही त्यांच्या कोण?”

दिनकरराव माझ्या मागं उभे होते. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

“नणंद,” मी म्हणाले.

कार्यकर्त्या बाईंनी मान हलवली. त्यांना असं पुष्कळदा ऐकायची सवय असावी. त्यांनी मला बसा म्हटलं, मी बसले नाही.

“त्यांना एवढं सांगा,” त्या म्हणाल्या, “की आम्ही जागा आठवडाभर ठेवतो. शरम वाटत असेल तर वाटू दे म्हणावं, इथं येणाऱ्या सगळ्यांनाच ती पहिल्या दिवशी वाटते. तेवढ्यासाठी घरी बसू नका म्हणावं.”

बाकावरच्या बाईनं मांडीवरची बॅग दोन्ही हातांनी जवळ ओढून घेतली.

“सांगते,” मी म्हणाले.